इंग्रजीतलं ‘गेट’ कसं ओळखायचं: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी, खान्देशातून

रावेरच्या एखाद्या केळीच्या पॅकहाउसमध्ये नव्यानं कामाला लागलेल्या मुलाला मुंबईच्या निर्यातदाराकडून मोबाइलवर असा निरोप येऊ शकतो: ‘गेट द फ्रूट पॅक्ड बिफोर इट गेट्स हॉट. आय विल गेट देअर बाय टेन. इफ द ट्रक गेट्स स्टक, गेट द ड्रायव्हर टू कॉल मी.’ तीन वाक्यांत पाच वेळा ‘गेट’. शाळेत शिकलेला ‘मिळणे’ हा अर्थ लावून पाहिला तर पाचपैकी एकाही ठिकाणी तो बसत नाही. निरोप साधा आहे. ऊन तापायच्या आत माल भरून घे, दहापर्यंत मी पोचतो, ट्रक कुठे अडकला तर ड्रायव्हरला मला फोन करायला सांग.

हा लेख अशा मुलांसाठी आहे आणि त्यांच्या मोठ्या बहिणी, काका, वडील यांच्यासाठीही. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या पिढीची इंग्रजीशी ओळख पाचवीत व्हायची. पण दोन्ही पिढ्यांना एक सवय सारखीच लागली: एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहायचा आणि तो पाठ करायचा. ‘टेबल’ किंवा ‘रिव्हर’साठी ही पद्धत चालते. ‘गेट’साठी चालत नाही.

अर्थांच्या संख्येत ‘गेट’ सगळ्यात पुढे आहे असंही नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. तरीही नवशिक्यानं आधी ‘गेट’ हातात घ्यावं असं मला वाटतं, कारण फोनवर, स्टेशनवर, मुलाखतीत आणि कामाच्या जागी तेच क्रियापद सारखं कानावर पडतं, आणि ते निसटलं की सगळं वाक्यच निसटतं.

पहिली पायरी: आधी ‘लागणे’कडे बघा

इंग्रजीला हात लावण्याआधी ही वाक्यं मोठ्यानं वाचा. भूक लागली. नोकरी लागली. पायाला ठेच लागली. दिवे लागले. जळगावहून मुंबईला जायला सात-आठ तास लागतात. बोरीला बोरं लागली. मिरचीला कीड लागली. म्हाताऱ्याला ऊन लागलं. वरण बुडाला लागलं. पोराला मोबाइलचा नाद लागला. ती रडायला लागली. मला आज जावंच लागेल.

क्रियापद एकच, अर्थ बारा. तरी एकाही वाक्याशी तुम्ही अडखळला नाहीत. अर्थांची यादी तुम्ही कधी पाठ केली नव्हती. ‘लागणे’च्या आधी काय आलंय तेवढं तुमच्या कानानं टिपलं आणि अर्थ आपोआप उलगडला. आधी ‘भूक’ आली की एक अर्थ, ‘तास’ आले की दुसरा, ‘जावं’ आलं की तिसरा. घरी अहिराणी बोलणाऱ्याला ‘मले भूक लागनी’ म्हणताना विचार करावा लागत नाही. लेवा गणबोली, गुजरी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांनीही आपापल्या बोलीतलं असंच एखादं सगळीकडे चालणारं क्रियापद आठवून बघावं. ही कला तुमच्यात लहानपणापासून आहे.

फरक आहे तो दिशेचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे अर्थाची खूण त्याच्या आधी, डावीकडे असते. इंग्रजीत क्रियापद मधे येतं आणि खूण त्याच्या नंतर, उजवीकडे असते. म्हणून ‘गेट’ दिसलं की थांबायचं नाही, लगेच त्याच्या उजवीकडे बघायचं. तिथे वस्तू आहे का, एखादी अवस्था आहे का, जागा आहे का, की माणूस आणि त्याच्यापुढे काम आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

दुसरी पायरी: कान आणि रूपं

मराठी लिपीत फाटकाचं ‘गेट’ आणि हे क्रियापद एकसारखंच लिहिलं जातं, पण उच्चार वेगळा आहे. रेल्वे गेटमधला ‘ए’ लांबतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे वळतो. क्रियापदातला ‘ए’ आखूड, झटकन तुटणारा. हे दोन उच्चार एकामागोमाग दहा वेळा म्हणून बघा. ऐकणाऱ्याचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो.

रूपं थोडी आहेत. आत्ताचं ‘गेट’ किंवा ‘गेट्स’, झालेलं ‘गॉट’, चालू असलेलं ‘गेटिंग’. अमेरिकेत तिसरं रूप ‘गॉटन’ ऐकू येईल. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तिथेही ‘गॉट’च चालतं. अमेरिकी माणूस बोलायला लागला की दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ होतो, ‘गेट इट’ हे ‘गेडिट’सारखं ऐकू येतं. कॉल सेंटरच्या नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्यांनी यूट्यूबवर अमेरिकी मुलाखती लावून फक्त हा एक आवाज पकडायचा सराव करावा.

तिसरी पायरी: उजवीकडे वस्तू असेल तर

‘गेट’च्या पुढे नाम आलं तर अर्थ ‘हाताशी येणे’ या एका कल्पनेभोवती फिरतो. ती वस्तू आपणहून आली, तुम्ही विकत घेतली, की उठून जाऊन आणली, हे प्रसंगावरून ठरतं.

‘आय गॉट अ जॉब इन नाशिक’ म्हणजे नाशिकला नोकरी लागली. ‘व्हेअर डिड यू गेट दीज ब्रिंजल्स?’ म्हणजे ही वांगी कुठून घेतली? भरिताची चांगली वांगी पाहिली की जळगावात हा प्रश्न कुणीही विचारील. ‘कुड यू गेट मी सम वॉटर?’ म्हणजे मला जरा पाणी आणून देता का? ‘शी गॉट मलेरिया’ म्हणजे तिला मलेरिया झाला. ‘वुई गॉट द लास्ट बस’ म्हणजे शेवटची एसटी सापडली. क्रिकेटमध्ये ‘ही गॉट थ्री विकेट्स’ म्हणजे त्यानं तीन बळी घेतले. आणि ‘आय डिडन्ट गेट यू’ म्हणजे तुमचं बोलणं मला कळलं नाही. इथे हाताशी यायची वस्तू म्हणजे बोलण्याचा अर्थ.

हे शेवटचं वाक्य लवकर तोंडात बसवा. मुलाखतीत प्रश्न कळला नाही की आपली मुलं गप्प बसतात किंवा अंदाजानं उत्तर देतात. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. कुड यू प्लीज रिपीट?’ एवढं म्हणता आलं तर समोरच्याला त्यात काहीही वावगं वाटत नाही.

आदराचा मुद्दाही इथेच येतो. मराठीत ‘पाणी आण’ आणि ‘पाणी आणा’ यात मान क्रियापदातच असतो. इंग्रजीत ‘गेट मी वॉटर’ म्हटलं तर ते हुकूम दिल्यासारखं ऐकू येतं, मग तुमचा स्वर कितीही नम्र असो. आपण ज्यांना ‘आणा’ म्हणू त्यांच्याशी इंग्रजीत ‘कुड यू गेट मी’ अशीच सुरुवात करावी.

हा शब्द मुळात इंग्रजीचा नाही. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेता’ म्हणजे मिळवणे, पोचणे. तिथून साधारण १२०० सालाच्या सुमाराला तो इंग्रजीत रुळला. ‘फरगेट’ या शब्दातला ‘गेट’ही त्याच कुळातला. जवळ आलेलं पुन्हा हातून सुटणं, असा त्याचा जुना भाव.

चौथी पायरी: उजवीकडे अवस्था असेल तर

इथे जास्त वेळ थांबू या, कारण बोलण्यातली निम्मी गंमत इथे आहे आणि शाळेत याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ‘गेट’च्या पुढे विशेषण आलं तर अर्थ ‘होणे’. आधी तसं नव्हतं, आता तसं झालं किंवा होत चाललंय.

‘इट्स गेटिंग हॉट.’ ऊन तापायला लागलंय. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी आठलाच हे वाक्य खरं ठरतं. ‘इट्स गेटिंग लेट.’ उशीर होतोय. ‘इट्स गेटिंग डार्क.’ अंधार पडायला लागलाय. अहिराणी बोलणाऱ्यांना इथे एक सोय आहे. ‘अंधार पडी राहिना’ या रचनेत ‘राहिना’ जे काम करतं, तेच काम ‘इज गेटिंग’ मधला ‘इज’ आणि शेवटचा ‘इंग’ मिळून करतात. घडत असलेली गोष्ट घडता घडता सांगायची. मनात ‘राहिना’ आलं की तोंडातून ‘गेटिंग’ काढायचं, असा सराव माझ्या पाहण्यातल्या कितीतरी मुलांना व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

आता ‘बी’ आणि ‘गेट’ यांतला फरक. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी थकलोय, आत्ताची स्थिती. ‘आय गेट टायर्ड बाय फोर’ म्हणजे चार वाजेपर्यंत मी थकून जातो, म्हणजे बदल. लग्नाच्या बाबतीत हा फरक न पाळल्यामुळे आपल्याकडे चमत्कारिक वाक्यं तयार होतात. ‘माझं लग्न झालं’ याचं शब्दशः ‘माय मॅरेज हॅपन्ड’ किंवा ‘माय मॅरेज वॉज डन’ असं भाषांतर केलं जातं. इंग्रजी बोलणारा म्हणतो ‘आय गॉट मॅरीड इन मे’. लग्न झालेलं आहे एवढंच सांगायचं असेल तर ‘आय ॲम मॅरीड’. कुणाशी ते सांगायचं असेल तर पुढे ‘टू’ येतो, ‘विथ’ येत नाही.

या गटातले आणखी काही रोजचे शब्द: ‘गेट रेडी’ तयार होणे, ‘गेट अँग्री’ चिडणे, ‘गेट वेट’ भिजणे, ‘गेट सिक’ आजारी पडणे, ‘गेट बेटर’ बरं वाटणे किंवा सुधारणे, ‘गेट ड्रेस्ड’ कपडे घालणे, ‘गेट हर्ट’ लागणे, इजा होणे. भूक, तहान लागणेही इथेच बसतं: ‘द चिल्ड्रन आर गेटिंग हंग्री’.

‘गेट लॉस्ट’ जपून वापरा. ‘वुई गॉट लॉस्ट निअर शिरपूर’ म्हणजे शिरपूरजवळ आम्ही वाट चुकलो, यात वाईट काही नाही. पण समोरच्याला नुसतं ‘गेट लॉस्ट’ म्हटलं तर ते ‘चालता हो’ होतं. कर्ता आहे की नाही, एवढ्यावर अर्थ उलटतो.

‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणे. बाहेरून बदली होऊन धुळ्याला आलेल्या माणसाला सांगायचं झालं तर ‘यू विल गेट यूज्ड टू द हीट’, उन्हाची सवय होईल तुम्हाला. पुढे क्रिया आली तर तिला ‘इंग’ लागतो: ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. याला ‘यूज्ड टू’ या दुसऱ्या रचनेत मिसळू नका. ‘आय यूज्ड टू वेक अप अर्ली’ म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचो, आता नाही. अर्थ जवळजवळ विरुद्ध.

आणि या पायरीवरची सर्वांत महत्त्वाची सूचना: ‘होणे’ या अर्थानं ‘गेट’च्या पुढे विशेषण येतं, नाम येत नाही. ‘माझा भाऊ डॉक्टर झाला’ याचं इंग्रजी ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर’ नाही. त्याचा अर्थ भावानं डॉक्टर बोलावून आणला, म्हणजे आपण परत तिसऱ्या पायरीवर. इथे ‘बिकेम’च हवं: ‘माय ब्रदर बिकेम अ डॉक्टर’. शिक्षक होणे, सरपंच होणे, आई होणे, या सगळ्यांना ‘बिकम’.

पाचवी पायरी: उजवीकडे जागा असेल तर

अर्थ ‘पोचणे’. जागेच्या नावाआधी ‘टू’ येतो: ‘गेट टू अमळनेर’, ‘गेट टू द स्टेशन’. पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ नाही: ‘आय गॉट होम ॲट नाइन’. ‘रीच्ड टू भुसावळ’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ‘रीच’ला ‘टू’ लागत नाही आणि ‘गेट’ला लागतो, हे जोडीनं पाठ केलं की दोन्ही सुधारतात.

परक्या गावात तुमच्या सर्वांत कामी येणारं वाक्य याच पायरीवर आहे: ‘हाऊ डू आय गेट टू’ आणि पुढे जागेचं नाव. हॉस्पिटल, परीक्षा केंद्र, प्लॅटफॉर्म, काहीही जोडा. उलट बाजूनं, आपल्याकडे आलेल्या पाहुण्यानं तोरणमाळला कसं जायचं विचारलं तर ‘यू कॅन गेट देअर व्हाया शहादा’ असं सांगता येईल.

गाडीत चढण्या-उतरण्याचं मात्र वेगळं शिकावं लागतं. आपण सगळ्याच गाड्यांत ‘बसतो’ आणि सगळ्यांतून ‘उतरतो’. इंग्रजी गाडीचा आकार बघते. जिथे उभं राहता येतं किंवा वर बसावं लागतं, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: रेल्वे, एसटी, मोटारसायकल, घोडा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यावर बसायचं असेल तरी ‘गेट ऑन’. जिथे वाकून आत शिरावं लागतं, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’: कार, रिक्षा, जीप, आपली कालीपिली.

भारतात ‘गेट डाउन ॲट चाळीसगाव’ असं म्हणतात आणि आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं. परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ ॲट चाळीसगाव’ म्हणा, कारण त्याच्या कानाला नुसतं ‘गेट डाउन’ हे खाली वाका असं सांगितल्यासारखं वाटू शकतं.

क्रिकेटमधलं ‘ही गॉट आउट’ म्हणजे तो बाद झाला, हे सगळ्यांना आधीच येतं.

सहावी पायरी: दुसऱ्याकडून काम करून घेणे

नवशिक्यांना ही पायरी अवघड वाटते, पण मराठी माणसाला ती सोपी जायला हवी, कारण आपल्याकडे ‘करून घेणे’ तयारच आहे. बघा. ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हणजे गाडी मी स्वतः, पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन दुरुस्त केली. ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’ म्हणजे मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली. मधे वस्तू, शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे केस कापून घेतले. ‘वुई गॉट द सॉइल टेस्टेड’ म्हणजे मातीची तपासणी करून घेतली. ‘गेट युवर फॉर्म साइन्ड बाय द प्रिन्सिपल’ म्हणजे प्राचार्यांची सही घेऊन ये.

मुलाखतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. ‘आय बिल्ट द पॉलीहाउस’ म्हणालात तर ऐकणारा समजेल की सांगाडा तुम्हीच उभा केलात, आणि पुढचा प्रश्न वेल्डिंगवर येईल.

माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर माणूस, मग ‘टू’, मग क्रियापद: ‘आय गॉट माय फादर टू ॲग्री’. यात थोडं पटवणं, मागे लागणं असतं. वडील लगेच तयार झाले नव्हते हे त्या ‘गॉट’मधून कळतं. ‘आय मेड हिम ॲग्री’ म्हटलं तर त्यात जोर येतो, भाग पाडलं असा सूर येतो, आणि ‘मेड’नंतर ‘टू’ही येत नाही. घरातल्या मोठ्यांबद्दल बोलताना ‘गॉट’ बरं.

यंत्र चालू करण्यासाठी ‘इंग’ वापरतात. विहिरीवरची मोटार बराच वेळ खटपट करून चालू झाली असेल तर ‘वुई फायनली गॉट द पंप रनिंग’. नुसतं बटन दाबून चालू केली तर ‘स्विच्ड ऑन’ पुरे.

सातवी पायरी: आपल्यावर काही ओढवलं असेल तर

‘गॉट’ आणि पुढे लगेच तिसरं रूप: ‘माय फोन गॉट स्टोलन’, ‘द ट्रेन गॉट कॅन्सल्ड’, ‘शी गॉट सिलेक्टेड’, ‘द वर्कर्स गॉट पेड ऑन सॅटर्डे’. ‘वॉज’ वापरूनही हेच सांगता येतं. ‘गॉट’मध्ये घटनेचा धक्का किंवा आनंद जास्त जाणवतो, आणि तो बोलण्याचा ढंग आहे. मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली हे मावशीला फोनवर सांगताना ‘गॉट सिलेक्टेड’, अर्जात लिहिताना ‘वॉज सिलेक्टेड’.

आठवी पायरी: ‘हॅव गॉट’, ‘हॅव गॉट टू’ आणि ‘गेट टू’

तीन रचना दिसायला सारख्या, म्हणून एकत्र शिका.

‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’ म्हणजे मला दोन बहिणी आहेत. इथे ‘गॉट’ काढून टाकलं तरी अर्थ तोच राहतो. ब्रिटिश बोलण्यात हे फार आहे.

‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागेल. बोलताना याचं ‘गॉटा गो’ होतं.

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. संधी, आनंद. ‘वुई नेव्हर गॉट टू सी द सी’ म्हणजे आम्हाला समुद्र कधी बघायलाच मिळाला नाही.

मराठीत याची नेमकी जोडी आहे: ‘जावं लागलं’ आणि ‘जायला मिळालं’. पहिल्यात सक्ती, दुसऱ्यात हौस. इंग्रजीत भूतकाळातली सक्ती सांगायची तर ‘गॉट’ सोडून ‘हॅड टू’ घ्यावं लागतं: ‘आय हॅड टू गो’. कुणी म्हणालं, ‘आय गॉट टू गो टू दिल्ली लास्ट इयर’, तर तो तक्रार करत नाहीये, त्याला दिल्लीला जायला मिळालं याचा त्याला आनंद आहे. विद्यार्थ्यांकडून मी या एका जोडीचा सराव सर्वांत जास्त करून घेते, कारण इथे चूक झाली तर वाक्य बरोबर वाटतं आणि भाव मात्र उलटा पोचतो.

नववी पायरी: छोट्या शब्दांच्या जोड्या

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ अशा जोड्यांची लांबलचक यादी बाजारातल्या प्रत्येक पुस्तकात असते. ती पाठ करू नका. ज्या प्रसंगात तुम्ही आहात त्या प्रसंगाच्या तीन-चार घ्या आणि त्या आठवडाभर वापरा.

वसतिगृहात राहायला गेलेल्यांसाठी: ‘गेट अप’ उठणे, ‘गेट अलाँग विथ’ कुणाशी पटणे, ‘गेट बाय’ आहे त्यात भागवणे. ‘आय गेट बाय ऑन व्हॉट माय पेरेंट्स सेंड’ म्हणजे घरून येतात तेवढ्या पैशांत भागवतो.

ऑफिसात: ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे माहिती घेऊन तुम्हाला कळवतो. हे ‘परत येतो’ असं समजून वाट बघत बसू नका. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही. बघा, फोनही आपल्याकडे ‘लागतो’च.

दुखण्यातून किंवा दुःखातून सावरण्यासाठी ‘गेट ओव्हर’. आजारातून उठलेल्याबद्दल हे सहज म्हणता येतं. ज्याच्या घरी कुणी गेलंय त्याला मात्र ‘यू विल गेट ओव्हर इट’ म्हणू नये. इंग्रजीत ते कोरडं, घाई करणारं वाटतं.

बाकी ‘गेट रिड ऑफ’ सुटका करून घेणे, ‘गेट टुगेदर’ जमणे, ‘गेट अवे विथ’ करूनही सहीसलामत सुटणे, ही वाचनात येतील तेव्हा वहीत उतरवा.

कुठे ‘गेट’ टाळायचं

‘गेट’ हे बोलण्याचं क्रियापद आहे. मित्राला मेसेज करताना, फोनवर, मुलाखतीतल्या गप्पांत ते शोभतं. बँकेला, कृषी अधिकाऱ्याला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला अर्ज लिहिताना त्याच्या जागी नेमकं क्रियापद घ्या. ‘आय हॅव नॉट गॉट माय मार्कशीट’च्या ऐवजी ‘आय हॅव नॉट रिसीव्हड माय मार्कशीट’. परवानगी मिळवण्यासाठी ‘ऑब्टेन’, पोचण्यासाठी ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’, होण्यासाठी ‘बिकम’. एखादं पत्र लिहून झालं की त्यातले सगळे ‘गेट’ आणि ‘गॉट’ शोधून काढा आणि प्रत्येकापाशी विचारा, हे कोणत्या पायरीवरचं आहे? उत्तर सापडलं की बदली शब्द लगेच सुचतो. पत्रही सुधारतं आणि सरावही होतो.

शब्दकोश कसा बघायचा

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘गेट’पुढे अर्थांची ओळ लागलेली असते, पण कोणता अर्थ कधी ते बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. म्हणून शिकणाऱ्यांसाठी बनवलेला कोश वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचे असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात अर्थाआधी उदाहरणाची वाक्यं वाचा. तुमच्या वाक्यात ‘गेट’च्या उजवीकडे जे आहे तसंच काही ज्या उदाहरणात दिसेल, तोच अर्थ तुमचा. मोबाइलवरच्या भाषांतर ॲपमध्ये एकटा ‘गेट’ टाकू नका, पूर्ण वाक्य टाका.

सराव

रोज संध्याकाळी दिवसातल्या पाच गोष्टी आधी आपल्या बोलीत लिहा, घरी बोलता तशाच. मग त्यांतल्या जिथे ‘मिळालं’, ‘झालं’, ‘लागलं’, ‘पोचलो’, ‘करून घेतलं’, ‘आणलं’ आलंय तिथे ‘गेट’ बसतं का ते तपासा. सुरुवातीला खालची वाक्यं करून बघा.

कापसाचे पैसे शनिवारी मिळाले. पाऊस आला आणि मका भिजला. आखाजीला माहेरी जायला मिळालं नाही. धुळ्याला पोचायला उशीर झाला. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. दादा ग्रामसेवक झाला. तुमचं बोलणं कळलं नाही.

उत्तरं अशी येऊ शकतात. ‘वुई गॉट द कॉटन मनी ऑन सॅटर्डे.’ ‘इट रेन्ड अँड द मेझ गॉट वेट.’ ‘आय डिडन्ट गेट टू गो टू माय पेरेंट्स होम फॉर आखाजी.’ ‘वुई गॉट टू धुळे लेट.’ ‘वुई गॉट मदर्स आईज ऑपरेटेड ऑन.’ सहाव्यात ‘गेट’ चालत नाही, तिथे ‘बिकेम’. सातवं तिसऱ्या पायरीवर आलंच आहे. आखाजी हा शब्द तसाच ठेवा, ऐकणाऱ्यानं विचारलं तर अक्षय तृतीयेबद्दल, माहेरवाशिणींच्या झोक्यांबद्दल आणि गाण्यांबद्दल इंग्रजीत चार वाक्यं सांगा. त्यांतही एखादं ‘गेट टू’ येईलच: ‘मॅरीड डॉटर्स गेट टू कम होम.’